पंधरा दिवसांचे तीन लाख

गेल्या महिन्यात एका जुम्म्याला, मगरिबनंतर, खालच्या मजल्यावरचे भाईसाहेब आणि भाभी आमच्याकडे आले. भाईसाहेब एसटीतून निवृत्त झालेले. तीस वर्षे नाशिक-धुळे आणि नाशिक-पुणे गाड्या चालवल्या. फज्रनंतर इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर आमची रोज भेट होते, त्यामुळे मुद्दाम घरी येण्याची वेळ सहसा येत नाही. भाभींच्या मांडीवर कापडी पिशवी होती आणि ती त्यांनी चहा पितानाही खाली ठेवली नाही. पावसाच्या, गुडघ्यांच्या गप्पा झाल्या. मग भाईसाहेब म्हणाले, "भाईजान, पंधरा दिवसांसाठी तीन लाख रुपये माझ्या खात्यात ठेवाल का? त्यातला एक रुपया खर्च होणार नाही. व्हिसाचं काम झालं की दुसऱ्या दिवशी परत."

पिशवीत पासपोर्ट होते, पासबुक होते, फोटो होते. त्यांचा मुलगा जर्मनीत, श्टुटगार्टला आहे. शिकायला गेला, तिथेच नोकरी लागली, आणि नव्या नोकरीत लांब रजा मिळत नाही. तीन वर्षे झाली. भाभी म्हणाल्या, "रोज फोनवर दिसतो. पण हात लावून बघितलं नाही ना त्याला." त्यांना कोणीतरी सांगितले होते की खात्यात माणशी दीड लाख दिसले की व्हिसा होतो. त्यांच्या पासबुकात एकवीस हजार होते.

आम्ही नाही म्हणालो.

हे लिहिताना सोपे वाटते. शेजारी दारात येऊन कर्ज मागतो, तेही बिनव्याजी, तेही पंधरा दिवसांचे, आणि आपल्याकडे पैसे आहेत हे त्यालाही माहीत आहे. कर्ज-ए-हसनाबद्दल आम्ही याच सदरात किती वेळा लिहिले असेल! भाभींचा चेहरा पडला. भाईसाहेबांनी "काही हरकत नाही" म्हणत पिशवी उचलली. आम्ही त्यांना थांबवले आणि कपाटातून एक निळी फाइल काढून समोर ठेवली. ती फाइल आजवर आम्ही कोणाला दाखवली नव्हती. त्यातली हकीकत आज वाचकांनाही सांगतो, कारण भाईसाहेबांसारखी विचारणा आमच्याकडे या वर्षात तिसऱ्यांदा आली आहे.

२०१८ ची गोष्ट. आमची लेक लेस्टरला असते, जावई तिथे हिशेबनीस आहेत. जुलैमध्ये तिचे बाळंतपण होते, पहिलेच. आम्ही दोघांनी जायचे ठरवले. आमच्यापैकी एकाची अंबडच्या कारखान्यातली नोकरी तेव्हा संपून वर्ष झाले होते आणि दुसरी घरात वीस वर्षे शिलाई करते आहे. पैसा अगदीच नव्हता असे नाही. पण तो कुठे होता? थोडा सोन्यात, थोडा सिन्नरकडच्या जमिनीच्या तुकड्यात, थोडा भिशीत, थोडा धान्याच्या डब्यामागे. बँकेत सत्तर-ऐंशी हजार. कागदपत्रे भरून देणाऱ्या माणसाने पासबुक पाहून मान हलवली. त्याने सांगितले, चार-पाच लाख दाखवा, कोणाकडून तरी टाका, अर्जाचा निकाल लागेपर्यंत हलवू नका. थोरल्या भावाने विचारपूस न करता चार लाख टाकले. फॉर्ममध्ये 'तुमची बचत किती' या प्रश्नापुढे त्या माणसाने खात्यातली पूर्ण रक्कम लिहिली आणि खाली आम्ही सही केली. आम्ही. त्याने नव्हे.

पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला गेलो, बोटांचे ठसे दिले, पासपोर्ट जमा केले. तीन आठवड्यांनी पासपोर्ट परत आले ते एका पत्रासह. पत्राचा मतलब असा होता: अर्जदारांचे मासिक उत्पन्न अमुक इतके दिसते, त्या उत्पन्नाशी न जुळणारी मोठी रक्कम अर्जाच्या अकरा दिवस आधी एकदम जमा झाली आहे, ती कुठून आली याचा खुलासा नाही, म्हणून हा पैसा खरोखर अर्जदारांच्या हातचा आहे आणि ते भेट संपवून परत येतील, याबद्दल खात्री वाटत नाही.

आधी राग आला. रात्री पत्र पुन्हा वाचले तेव्हा त्यात खोटे काय आहे ते सापडेना. आम्हाला ओळखत नसलेल्या माणसाने, फक्त सहा पाने पाहून, आमच्या घरात काय घडले ते बरोबर ओळखले होते. नातू जुलैत जन्मला. लेकीने व्हिडिओ कॉलवर दाखवला, आणि तिची सासू सौदीत असल्याने तिच्यापाशी पहिले चाळीस दिवस कोणीच नव्हते. हे आम्ही कधी विसरलो नाही. आणखी एक गोष्ट सांगायला संकोच वाटतो, पण सांगतो. भावाचे ते चार लाख त्याच्या मुलीच्या कॉलेजचे होते. निकाल येईपर्यंत हलवायचे नाहीत म्हणून ते अडकून पडले आणि त्याने फी दंडासह भरली. तो एक शब्द बोलला नाही. वहिनी बोलल्या.

या खात्यातल्या पैशाकडे व्हिसा अधिकारी कसा पाहतो, हे आम्हाला पुढच्या वर्षी कळले. आम्ही समजत होतो की तो शेवटची ओळ पाहतो. तो शेवटच्या ओळीकडे शेवटी जातो. आधी पाहतो महिन्याला काय येते, कुठून येते, काय जाते. किराणा, वीजबिल, घरपट्टी, औषधे, रमजानमधला जकातीचा आकडा, सगळे त्या कागदावर एका ओळीत चालत असते. अचानक त्यात चार लाखांची उडी दिसली तर ती काळ्या बुरख्यावरच्या चुन्याच्या डागासारखी दिसते. निवृत्त माणसाच्या खात्यात दीड लाख असतील आणि ते तीन वर्षांत हळूहळू जमले असतील, तर त्या दीड लाखाला वजन आहे.

ब्रिटनच्या पाहुणा-व्हिसाच्या नियमात अमुक इतकी रक्कम हवी असा आकडाच नाही. येण्याजाण्याचा, राहण्याचा आणि तिथल्या दिवसांचा वाजवी खर्च, तिथे काम न करता आणि तिथल्या सरकारी मदतीवर न राहता भागला पाहिजे, एवढेच नियम म्हणतो. तो खर्च दुसऱ्याने केला तरी चालतो. मात्र त्या माणसाशी खरे नाते हवे, तो तिथे राहत असेल तर कायद्याने राहत असला पाहिजे, त्याची ऐपत हवी आणि तो खर्च करणार आहे हे पटले पाहिजे. म्हणजे आमच्या बाबतीत लेक आणि जावई राहायला जागा देणार होते, जेवण देणार होते, तिकीटही काढणार होते. चार लाखांची गरजच नव्हती! हे आम्हाला कोणी सांगितले नाही आणि आम्हीही नीट वाचले नाही. इंग्रजी पान पाहिले की घाबरून दुसऱ्याच्या हाती सोपवायचे, ही आपल्या घरांची जुनी खोड आहे. गंमत पाहा, आपल्या हातातला पासपोर्ट आपल्याच नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापला जातो, शेजारच्या करन्सी नोट प्रेसमध्ये नोटा छापतात, आणि त्याच गावात आम्ही दोन्हींचा मेळ घालता येईना म्हणून रडत बसलो होतो.

देशोदेशीची रीत मात्र एकसारखी नाही. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला निमंत्रणपत्र किंवा नातेवाइकाचे हमीपत्र लागत नाही. मुलाखतीत तुमचे स्वतःचे संसाराचे धागे इथे किती घट्ट आहेत यावर सारे असते. कॅनडाच्या आईवडिलांसाठीच्या सुपर व्हिसात उलट आहे, तिथे मुलाचे किंवा मुलीचे उत्पन्न ठरावीक पातळीच्या वर आहे का ते पाहतात आणि किमान एक लाख कॅनडियन डॉलरचा आरोग्य विमाही मागतात. अमिरातीच्या पाच वर्षांच्या पर्यटक व्हिसाला गेल्या सहा महिन्यांत खात्यात चार हजार डॉलर किंवा तितकी रक्कम असावी लागते. सहा महिने हा शब्द लक्षात घ्यावा. युरोपातल्या शेंगेन देशांत प्रत्येक देश रोजचा खर्च आपापल्या परीने ठरवतो आणि ३०,००० युरोचा प्रवास विमा सगळीकडे लागतो.

जर्मनीचे विशेष सांगायला हवे, कारण भाईसाहेबांचा प्रश्न तिथेच सुटला. तिथे राहणारा यजमान आपल्या गावच्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन लेखी हमी देतो की पाहुण्यांचा सगळा खर्च माझा, सरकारला भुर्दंड पडला तर तोही माझा. त्याचा पगार पाहून कार्यालय शिक्का मारते, २९ युरो फी घेते. त्या कागदाचे नाव 'फेरप्फ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग'. आम्ही चौघांनी तो शब्द उच्चारायचा प्रयत्न केला, आणि त्या संध्याकाळी भाभी पहिल्यांदा हसल्या त्या तेव्हा. हा कागद असला की पालकांच्या खात्यात लाखो रुपये शोधले जात नाहीत. गेल्या तीन महिन्यांचा बँकेचा उतारा, पेन्शनचा कागद, प्राप्तिकराचे विवरणपत्र भरले असेल तर ते, एवढे द्यावेच लागते, पण ते जसे आहे तसे द्यावे. एकवीस हजार तर एकवीस हजार.

भाईसाहेबांना हे पटले, पण त्यांचा एक सवाल राहिला आणि तो खरा होता. ते म्हणाले, "पैसे तर मी परत करणारच होतो. यात खोटं काय? कोणाचं नुकसान झालं असतं?"

आम्ही यावर बराच वेळ बोललो. कर्ज घेणे खोटे नाही. कर्जाचे पैसे 'माझी बचत' म्हणून सहीनिशी दाखवणे हे खोटे आहे, आणि ते पैसे देणारा, त्याला कारण ठाऊक असेल तर, त्या सहीत सामील होतो. आम्ही नाही म्हणालो ते यासाठी. भावाने आम्हाला दिले तेव्हा त्यालाही आम्ही या सहीत ओढले होते. याउलट एखादा भाऊ, मामा, काका खरोखरच म्हणाला की हा पन्नास हजारांचा हिबा, परत नको, आपा, जाऊन लेकीला भेटून ये, तर ती रक्कम तुमची झाली. ती उघड दाखवा. सोबत त्याची सही असलेली चिठ्ठी, नाते काय ते, आणि त्याच्या खात्याचा उतारा लावा. पैसा बँकेतून बँकेत जाऊ द्या. रोखीने कर्ज देण्याघेण्याला तर आपला प्राप्तिकर कायदाही आडवा येतो; २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीत घेता येत नाही. आणि नुकसान? ब्रिटनच्या नियमांत अर्जात फसवणूक किंवा खोटा कागद सिद्ध झाला तर पुढची दहा वर्षे अर्ज नाकारले जाऊ शकतात. साठीच्या माणसाला दहा वर्षे म्हणजे काय, हे सांगायला नको.

'आम्हाला परत जायचे भाडे आहे का, हे विचारणारे ते कोण' असाही सूर आपल्याकडे ऐकू येतो. आम्हीही त्या रागाच्या दिवसांत तो लावला होता. पण हा सवाल काही आजचा नाही आणि फक्त गोऱ्या देशांच्या दारातलाही नाही. हजला जहाजाने जात तेव्हा मुंबईहून निघालेल्या कितीतरी गरिबांकडे परतीचे भाडे नसे आणि ते जिद्दाहमध्ये अडकून पडत, कोणाच्या तरी खैरातीवर परत येत. म्हणून १९२५ च्या कायदेदुरुस्तीने जहाजावर चढण्याआधी परतीचे तिकीट घेणे किंवा परतीच्या भाड्याची अनामत ठेवणे बंधनकारक केले. त्या काळी त्यावर नाराजीही झाली. पण हजच्या बाबतीत आपली शरीअत काय विचारते? इस्तिताअत आहे का. आणि त्या ऐपतीत फक्त जाण्यायेण्याचा खर्च धरत नाहीत. मागे राहिलेल्या घरच्यांचा आपण परतेपर्यंतचा खर्चही धरतात, डोक्यावरचे देणेही पाहतात. दुसऱ्याचे पैसे चार दिवस खिशात ठेवून कोणी स्वतःवर हज फर्ज झाला असे म्हणत नाही. हा हिशेब आपल्या घरातल्या कोणत्याही बुजुर्गाला तोंडपाठ असतो. मग लेस्टर किंवा श्टुटगार्टला जाताना तो आपण का विसरतो?

आता आमच्या दुसऱ्या अर्जाकडे येतो. नकारानंतर आम्ही दहा महिने थांबलो, आणि या दहा महिन्यांत जे शिकलो ते बहुतेक घरातल्या पैशाबद्दल होते, व्हिसाबद्दल कमी.

पहिल्या फॉर्मवर शिलाई करणारीच्या नावापुढे 'गृहिणी, उत्पन्न शून्य' असे लिहिले होते. वीस वर्षे फॉल-बीडिंग, ब्लाऊज, शाळेचे गणवेश, ईदच्या आधी रात्री दोन-दोनपर्यंत मशीन चालू, आणि कागदावर शून्य! त्या माणसाने विचारले नव्हते आणि आम्ही दोघांपैकी कोणीही सांगितले नव्हते. त्या पैशावर घर चालले, मुलीची फी गेली, पण तो हातातून हातात गेला. मग ठरवले की दर सोमवारी आठवड्याची शिलाई तिच्या स्वतःच्या खात्यात भरायची. कधी नऊशे, कधी अडीच हजार. एक साधी वही ठेवली: तारीख, कोणाचे काम, किती मिळाले. विवरणपत्र भरले, कर बसत नव्हता तरी भरले. दहा महिन्यांनी तिच्या खात्यात त्रेसष्ट हजार होते आणि ते कुठून आले हे विचारणाऱ्याला दाखवायला वही होती. व्हिसा मिळाला नसता तरी ही वही राहिली असती. आमच्या ओळखीच्या निम्म्या घरांत बायकांच्या कमाईची अशी अवस्था आहे, म्हणून एवढे लांबवून लिहिले.

भिशीचे असेच. बारा जणींची पाच-पाच हजारांची भिशी लागली की साठ हजार एकदम येतात, आणि ते रोखीने बँकेत भरले तर अनोळखी माणसाला ती पुन्हा तीच संशयाची उडी दिसते. आमच्या भिशीतल्या बायकांनी आता हप्ता यूपीआयने द्यायला सुरुवात केली आहे. दर महिन्याला पाच हजार जाताना दिसतात आणि एकदा साठ हजार येताना. सोबत एका कागदावर खुलासा जोडला की माणसाला समजते.

सोन्याचा मात्र फारसा उपयोग होत नाही. मेहेरचे दागिने तिचे हक्काचे आहेत, सोनाराकडून किमतीचा दाखलाही मिळतो, पण लेस्टरच्या बसचे तिकीट बांगडीने काढता येत नाही. जमिनीचा सातबारा आणि फ्लॅटची घरपट्टीची पावती वेगळ्या कामाला येतात: इथे आपले घर आहे, आपण परत येणार आहोत, हे सांगायला. ब्रिटनला द्यायचे मराठी कागद इंग्रजीत करून घ्यावे लागतात, आणि भाषांतर बरोबर असल्याची लेखी ग्वाही, भाषांतर करणाऱ्याचे पूर्ण नाव, सही, तारीख आणि संपर्क त्यावर लागतो. पहिल्या वेळी आम्ही सातबारा नुसता मराठीतच जोडला होता.

मुदत ठेवीबद्दल पुष्कळजण विचारतात. व्याज नको म्हणून आम्ही ठेव करत नाही, मग आमचे काय? आमचीही ठेव नव्हती. ब्रिटनच्या नियमांत ठेव असलीच पाहिजे असे कुठे नाही. साध्या बचत खात्यातला पैसा चालतो, चालू खात्यातलाही चालतो. बचत खात्यावर आलेले व्याज आपण ज्या रीतीने वेगळे काढून देतो, ते उताऱ्यात दिसले म्हणून काही बिघडत नाही.

मग प्रश्न आला तो पहिल्या नकाराचा. फॉर्म विचारतो, यापूर्वी कधी व्हिसा नाकारला गेला का. दोन ओळखीच्यांनी सल्ला दिला की भावाच्या पैशाची गोष्ट उकरू नका, फक्त 'हो, नाकारला' लिहा. आम्ही पत्रात सगळे लिहिले. ती रक्कम भावाची होती, ती परत दिली, ती आमची बचत म्हणून दाखवणे चुकीचे होते. लेकीने आणि जावयांनी आपले निमंत्रण, पगाराच्या स्लिपा, खात्याचे उतारे, भाडेकरार आणि व्हिसाचे कागद पाठवले. आमच्या दोन खात्यांत मिळून एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार होते. पहिल्या वेळच्या निम्म्याहूनही कमी. फी तेव्हा माणशी ९५ पौंड होती. एप्रिल २०२५ मध्ये ती १२७ झाली. नाकारले तरी फी परत मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे. आणि त्या पत्राचा परिणाम उलटाही होऊ शकला असता. दहा वर्षांची बंदी आमच्याच लेखणीने ओढवून घेतली का, या विचारात सतरा दिवस झोप लागली नाही. फोनची घंटा वाजली की दोघांच्याही छातीत धस्स होई.

व्हिसा मिळाला. २०१९ च्या रमजान ईदनंतर आम्ही गेलो. नातू अकरा महिन्यांचा होता. फोनमधले चेहरे दारात उभे पाहून तो इतका घाबरला की आईच्या खांद्यात तोंड खुपसून रडायला लागला. दोन दिवस आमच्याकडे येईना. तिसऱ्या दिवशी सकाळी रांगत आला आणि आजोबांच्या चपलेचा अंगठा चावू लागला. सहा आठवडे राहिलो आणि ठरल्या तारखेला परत आलो. भावाच्या मुलीसाठी तिथून कोट आणला. वहिनींनी तो ठेवून घेतला, एवढेच.

भाईसाहेब त्या संध्याकाळनंतर आठ दिवस ट्रॅकवर आले नाहीत. आम्हाला वाटले, नाराज झाले. झालेही असतील. नवव्या दिवशी आले ते मुलाशी बोलून. श्टुटगार्टच्या कार्यालयात त्याला पुढच्या महिन्याची वेळ मिळाली आहे. वडाळा-पाथर्डी रस्त्यावरच्या त्यांच्या छोट्या दुकानाचे सहा हजार भाडे भाडेकरू दर महिन्याला रोख आणून देत असे. भाईसाहेबांनी त्याला खाते क्रमांक दिला. तो कुरकुरला, म्हणे रोखीची सवय आहे. भाईसाहेब त्याला म्हणाले, "मलाही होती." अर्ज दोन-तीन महिन्यांनी करायचे ठरले आहे. भाभींना उशीर खटकतो. थंडीत गेलो तर स्वेटर किती न्यायचे, हा त्यांचा सध्याचा घोर आहे.

परवा दुपारी भाभी एकट्याच वर आल्या. त्यांना निळी फाइल पुन्हा पाहायची होती, कागद कोणत्या क्रमाने लावले ते. पाने उलटताना तळाशी ते नकाराचे पत्र निघाले. त्यांनी विचारले, "हे अजून का ठेवलंय?" आम्ही म्हटले, पुढच्या वेळी फॉर्म पुन्हा विचारेल, तारीख लागेल. मग त्यांनी हळूच सांगितले की या महिन्यात त्यांची भिशी लागणार आहे, साठ हजारांची, आणि त्यातल्या निम्म्या बायका अजून रोखच देतात. आमच्याकडे एक कोरी वही होती. मशीनवरचा कपडा बाजूला सारून दोघी तिथेच बसल्या आणि बारा नावे लिहायला घेतली.